कालव्याच्या टेलवरचे शेत



विकास झाला की शांतता आपोआप नांदू लागते, असे गृहीत धरण्याची सार्वजनिक जीवनात रीतच पडून गेली आहे. अशांत प्रदेशात रस्ता न्यावा, धरण बांधावे, शाळा आणि दवाखाना उघडावा, तरुणांच्या हाताला काम द्यावे; पोट भरले की माणसे शस्त्र खाली ठेवतात, असा हा सरळ हिशोब आहे. त्यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो अपुरा आहे. जेथे दोन समाज एकमेकांकडे संशयाने पाहत असतात, तेथे सरकारने खर्च केलेला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी अंगणात पडतो आणि कोणाच्या तरी अंगणात पडत नाही. तो कोणाच्या अंगणात पडला आणि का पडला, याची नोंद गावातला प्रत्येक माणूस मनात ठेवत असतो. योजना आखणाऱ्यांनी ती ठेवली नाही, तर विकासाचीच कामे वैराला खतपाणी घालतात.

हे केवळ तर्काने सांगण्याची गरज नाही. पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे, आपल्या शेजारच्या श्रीलंकेत, एका नदीच्या काठी याचा अनुभव जवळजवळ अर्धशतकभर येत राहिला. एकाच नदीवर, एकाच कालव्यावर विकासाने आधी वैर पेरले आणि पुढे त्याच कालव्यावर सलोख्याचे पीकही आले. ती नदी म्हणजे श्रीलंकेच्या पूर्व भागातील गल ओया.

शुद्ध हेतू आणि न विचारलेला प्रश्न

१९४८ मध्ये तेव्हाचा सिलोन स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके हे त्यापूर्वी दीर्घकाळ शेतीखात्याचे मंत्री होते. देशाच्या नैऋत्येकडील पावसाळी पट्ट्यात लोकसंख्या दाटलेली आणि भूमिहीनांची संख्या वाढती. उत्तरेकडे आणि पूर्वेकडे मात्र विस्तीर्ण कोरडवाहू प्रदेश ओस पडलेला. तेथे प्राचीन राजांनी बांधलेल्या तलावांचे भग्नावशेष होते आणि मलेरियाचे भय होते. डीडीटीच्या फवारणीने मलेरिया हटू लागला, तेव्हा सेनानायके यांच्या डोळ्यांपुढे एक भव्य चित्र उभे राहिले. पराक्रमबाहू राजाने बाराव्या शतकात पोलोन्नरुव येथे उभारलेल्या ‘पराक्रम समुद्रा’सारखे जलाशय पुन्हा भरावेत, भूमिहीनाला जमीन मिळावी आणि देश अन्नधान्यात स्वयंपूर्ण व्हावा, असे ते चित्र होते. त्यामागील तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर १९४९ मध्ये गल ओया विकास मंडळ स्थापन झाले. इंगिनियागला येथे धरण बांधले गेले. देशातील या सर्वांत मोठ्या जलाशयाला पुढे ‘सेनानायके समुद्र’ हे नाव मिळाले. कालवे निघाले, वसाहती आखल्या गेल्या आणि दाट वस्तीच्या भागांतून हजारो गरीब कुटुंबे येथे येऊन राहिली.

आता कालव्याचा नकाशा पाहावा. डाव्या कालव्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे धरणाजवळ, मुख्यतः सिंहली वसाहती झाल्या. खालच्या अंगाला, समुद्रकिनाऱ्याकडे, तमिळ आणि मुस्लिम शेतकऱ्यांची जुनी भातशेती होती. पूर्वी ती शेती स्थानिक तळी आणि नदीवरचे छोटे बंधारे यांवर पिकत असे. धरण झाल्यावर तिचे पाणी वरच्या दारांतून येऊ लागले. महाराष्ट्रातील कोणत्याही कालव्यावरच्या शेतकऱ्याला ‘हेड’ आणि ‘टेल’ या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हेडचा शेतकरी हवे तेव्हा पाणी घेतो, टेलचा शेतकरी आकाशाकडे पाहतो. हे भांडण एकाच जातीच्या, एकाच भाषेच्या, किंबहुना एकाच भावकीच्या लोकांतही होते. गल ओयात मात्र हेड आणि टेल यांच्या मधली रेषा हीच दोन भाषांच्या आणि समाजांच्या मधली रेषा झाली. ती कोणी द्वेषाने आखली नव्हती. आखणी करताना तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले पाहिजे. सिंहली शेतकरी म्हणत होता, देश माझा आहे, मी भूमिहीन आहे, सरकारने जमीन दिली, मी घाम गाळून ती पिकवली. यात माझा अपराध कोणता? तमिळ शेतकरी म्हणत होता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या आमच्या प्रदेशात सरकार आम्हाला न विचारता लोक आणून बसवते. उद्या मतदारसंघही बदलतील, कचेरीची भाषाही बदलेल. त्याची भीती निराधार नव्हती. पूर्व प्रांतात १९४६ मध्ये सिंहली लोकसंख्या सुमारे १० टक्के होती; १९८१ मध्ये ती सुमारे २५ टक्क्यांवर गेली. १९६१ मध्ये बट्टिकलोआ जिल्ह्यातून अंपारा हा वेगळा जिल्हा काढण्यात आला. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश होता. जमीन कोणाला द्यायची, हे कोणी आणि कोणाच्या संमतीने ठरवायचे, हा एकच प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.

अफवेला तयार जमीन

५ जून १९५६ रोजी सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारे विधेयक संसदेत मांडले गेले. कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तमिळ नेते सत्याग्रहाला बसले. त्यांना मारहाण झाली. दंगलीचे लोण पूर्वेकडे पोहोचले आणि सर्वांत भीषण रक्तपात झाला तो गल ओयाच्या खोऱ्यात. सिंहली स्त्रीवर अत्याचार झाल्याची अफवा उठली, तमिळांचे सशस्त्र दल चाल करून येत असल्याची अफवा उठली. दोन्ही खोट्या होत्या. पण नव्याने येऊन बसलेल्या, मुळे न रुजलेल्या, शेजाऱ्याची भाषाही न जाणणाऱ्या वस्तीला खरे-खोटे कोण सांगणार? स्वतंत्र सिलोनमधील ही पहिली मोठी वांशिक दंगल मानली जाते. ती एखाद्या उपेक्षित, मागासलेल्या कोपऱ्यात झाली नाही. देशाने विकासावर सर्वाधिक खर्च केलेल्या भागात ती झाली, ही गोष्ट विसरता कामा नये.

राज्यकर्त्यांना रोगाचे निदान कळले नव्हते असेही नाही. १९५७ मध्ये पंतप्रधान भंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम् यांच्यात करार झाला. प्रादेशिक मंडळे स्थापन व्हावीत आणि वसाहतींत जमीन कोणाला द्यायची हे ठरविण्याचा अधिकार त्या मंडळांना असावा, असे त्यात लिहिले होते. गल ओया मंडळाच्या क्षेत्राचा त्यात स्वतंत्र उल्लेख होता. विरोध वाढताच १९५८ मध्ये हा करार रद्द झाला आणि त्या वर्षी दंगली अधिक भडकल्या. १९६५ मध्ये डडली सेनानायके आणि चेल्वनायकम् यांच्यात दुसरा करार झाला. जमीन वाटताना आधी त्या जिल्ह्यातील भूमिहीन, मग उत्तर व पूर्व प्रांतांतील तमिळभाषक, मग इतर, असा क्रम त्यात ठरला होता. तोही कागदावरच राहिला. दोन्ही करारांच्या केंद्रस्थानी भाषेबरोबरच जमीन होती, हे लक्षात घेतले म्हणजे धरणाचा आणि युद्धाचा संबंध उलगडतो.

१९७७ नंतर महावेली प्रकल्पाला वेग देण्यात आला. तीस वर्षांचा आराखडा सहा वर्षांत पुरा करण्याचा निर्धार झाला. ब्रिटनने व्हिक्टोरिया, स्वीडनने कोतमले, पश्चिम जर्मनीने रंदेनिगल आणि कॅनडाने मदुरू ओया या धरणांना मदत केली. काँक्रीटचा दर्जा तपासला गेला, कालव्याचा उतार तपासला गेला. पण पाणी आल्यावर खाली कोण राहायला जाणार, हा प्रश्न मदत करणाऱ्यांनी पुरेशा गांभीर्याने विचारला नाही. उत्तरेकडे, ज्या भागाला तमिळ ‘मणल आरू’ आणि सिंहली ‘वेली ओया’ म्हणतात, तेथे तर वसाहत हे युद्धाचेच अंग झाले. ३० नोव्हेंबर १९८४ रोजी लिट्टेच्या सशस्त्र टोळ्यांनी तेथील केंट आणि डॉलर या दोन शेतवसाहतींवर हल्ला करून सिंहली रहिवाशांची कत्तल केली. मेलेली माणसे योजनाकार नव्हती, मंत्रीही नव्हती. सरकारने नेऊन बसवलेली ती गरीब माणसे होती. चुकीच्या विकासाची किंमत नेहमी अशीच, सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल होते.

त्याच कालव्यावर दुसरा प्रयोग

आता पुन्हा गल ओयाकडे वळू. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डावा कालवा अक्षरशः मोडकळीस आला होता. दारे तुटलेली, चाऱ्या गाळाने भरलेल्या, हेडला पाण्याची नासाडी आणि टेलला थेंब नाही. अमेरिकी मदतीतून दुरुस्तीचे काम निघाले. सुदैवाने या वेळी केवळ सिमेंटचा विचार झाला नाही. श्रीलंकेची कृषी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ यांनी मिळून शेतकऱ्यांच्या संघटनाचे काम हाती घेतले. कॉर्नेलचे नॉर्मन अपहॉफ यांनी त्याची सविस्तर हकिगत पुढे १९९२ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. हा देशातला सर्वांत अवघड, भांडखोर कालवा आहे, येथे शेतकरी एकत्र येणे शक्य नाही, असे त्यांना अधिकाऱ्यांनी आरंभीच सांगितले होते.

१९८१ च्या मार्चमध्ये तरुण पदवीधर संघटकांची पहिली तुकडी गावांत राहायला गेली. त्यांच्याजवळ वाटायला पैसा नव्हता, कंत्राटे नव्हती आणि अधिकारही नव्हता. त्यांनी घरोघर जाऊन ऐकले. एका शेतचारीवरचे दहा-वीस शेतकरी हा त्यांच्या कामाचा मूळ घटक. आधी काम, मग संघटना, असा त्यांचा क्रम होता. नियमावली, पदाधिकारी आणि शिक्के यांनी सुरुवात न करता, उद्या सकाळी मिळून चारी साफ करायची का, या प्रश्नाने सुरुवात झाली. प्रत्येक गटाचा प्रतिनिधी मतदानाने नव्हे, तर सर्वसंमतीने निवडला गेला आणि त्याला मानधन नव्हते. त्यामुळे पक्षीय राजकारणाला शिरायला फट राहिली नाही.

त्या वर्षी जलाशय जेमतेम पाव भरलेला होता. टंचाईत माणसे अधिकच ओरबाडतात, असा सर्वत्र अनुभव. येथे उलटे घडले. अवघ्या सहा आठवड्यांत प्रायोगिक क्षेत्रातील बहुसंख्य शेतकरी तीन गोष्टी करू लागले. त्यांनी श्रमदानाने चाऱ्या साफ केल्या. त्यांपैकी काही वर्षानुवर्षे साफ झाल्या नव्हत्या. पाण्याची पाळी ठरवून ती पाळली. आणि आपल्या वाट्यातले पाणी वाचवून खाली जाऊ दिले. खाली ज्यांना ते मिळाले, त्यांत तमिळ शेतकरीही होते. पुढील वर्षांत एकरी पाण्याचा वापर जवळजवळ निम्म्यावर आला, असे अपहॉफ यांनी नोंदविले आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीत शेतकरी जे पिढ्यान्‌पिढ्या करत आले, त्याच जातीचे हे काम होते: पाणी सर्वांचे, पाळी ठरलेली आणि ती पाळण्याची लाज व जबाबदारीही सर्वांची.

काळ कोणता होता, हे ध्यानात घ्यावे. दोन वर्षांतच, जुलै १९८३ मध्ये, कोलंबोत तमिळांची घरे जळाली आणि पूर्ण युद्ध पेटले. अंपारा जिल्हा त्यातून सुटला नाही. १९८६ मध्ये उडुम्बनकुलम् येथे तमिळ शेतकरी मारले गेले. २ जून १९८७ रोजी अरंतलावा येथे लिट्टेने बस अडवून तीसहून अधिक बौद्ध भिक्खूंची हत्या केली, त्यांत बहुतेक कोवळ्या वयाचे श्रामणेर होते. चारीवरच्या गटांनी युद्ध थांबवले, असा दावा कोणी करू नये. त्यांच्या हाती ते नव्हतेच. पण युद्ध चालू असतानाही हे गट टिकले. बाहेरचा प्रकल्प १९८५ मध्ये संपला, बहुतेक संघटक कायमच्या नोकऱ्यांकडे वळले, तरी शेतकऱ्यांचे संघटन उरले. १९९७ च्या उन्हाळी हंगामात जलाशयात भातपिकापुरते पाणी नाही, असे पाटबंधारे खात्याने सांगितले होते. संघटनांनी काटेकोर पाळ्या लावून सुमारे ६५ हजार एकरांवर भात घेतला आणि पीक नेहमीपेक्षा चांगले आले. हेडच्या सिंहली शेतकऱ्यांनी टेलच्या तमिळ शेतकऱ्यांना पाणी जाऊ दिले, आणि तेही युद्धाच्या चौदाव्या वर्षी.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. जुलै २००६ मध्ये त्रिंकोमाली जिल्ह्यात माविल आरू येथील पाण्याचे दार लिट्टेने बंद केले. सुमारे पंधरा हजार कुटुंबांचे पाणी तुटले. ते दार उघडण्यासाठी सैन्य निघाले आणि जे युद्ध पुन्हा भडकले, ते मे २००९ मध्येच संपले. एका कालव्यावर दार उघडे राहिल्याने विश्वास वाढला. दुसऱ्या कालव्यावर दार बंद झाल्याने हजारो प्राण गेले. दोन्ही ठिकाणी दार लोखंडाचेच होते. त्यावर कोणाचा हात होता आणि त्या हाताला शेजाऱ्याची ओळख होती की नव्हती, एवढाच फरक.

मदतीचा हात कसा पडतो

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हाच धडा पुन्हा दिला. किनाऱ्यालगत घरे बांधण्यास सरकारने बंदी घातली. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर ती १०० मीटरपर्यंत होती, उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर २०० मीटरपर्यंत. त्यामागे कारणे असतील. पण पूर्वेच्या तमिळ आणि मुस्लिम कोळ्याने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. मदतीच्या वाटपासाठी जून २००५ मध्ये सरकार आणि लिट्टे यांच्यात संयुक्त यंत्रणेचा करार झाला. त्यावरून सत्तारूढ आघाडी फुटली, सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाच्या तरतुदींना स्थगिती दिली आणि यंत्रणा उभीच राहिली नाही. त्याच लाटेने उद्ध्वस्त झालेल्या इंडोनेशियाच्या आचे प्रांतात मात्र १५ ऑगस्ट २००५ रोजी शांतता करार झाला आणि पुनर्बांधणी त्याच्या आधाराने पुढे गेली. लाट एकच होती. एका ठिकाणी आधी राजकीय समजूत झाली, दुसऱ्या ठिकाणी मदतच भांडणाचा विषय ठरली.

युद्धानंतर भारताने श्रीलंकेत ५० हजार घरांची योजना हाती घेतली. त्यांतील ४६ हजार उत्तर आणि पूर्व प्रांतांत होती. आरंभीची एक हजार घरे कंत्राटदारांकडून बांधून घेतली गेली. २०१२ पासून पद्धत बदलली. साडेपाच लाख श्रीलंकी रुपयांचे अनुदान टप्प्याटप्प्याने थेट लाभार्थी कुटुंबाच्या बँक खात्यात जाऊ लागले आणि घर त्या कुटुंबानेच बांधायचे ठरले. विधवा, वृद्ध आणि अपंग असलेल्या कुटुंबांना प्राधान्य मिळाले. घर मिळाले, त्याबरोबरच ते आपण बांधले ही प्रतिष्ठाही मिळाली. मधल्या दलालाचा आणि बंदूकधाऱ्याचा हात जितका दूर राहील, तितकी मदत निर्मळ राहते, हे या पद्धतीचे मर्म आहे.

चार प्रश्न

संघर्षाचे भान ठेवणारा विकास, या विषयावर गेल्या तीन दशकांत जगभर पुष्कळ विचार झाला आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मेरी अँडरसन यांनी १९९९ मध्ये ‘डू नो हार्म’ या पुस्तकात त्याचे सूत्र मांडले. मदत कधीच तटस्थ नसते. प्रत्येक समाजात माणसांना तोडणाऱ्या गोष्टी असतात, तशा जोडणाऱ्याही असतात. काम असे करावे की तोडणाऱ्यांना बळ मिळू नये आणि जोडणाऱ्यांना मिळावे. गल ओयाचा कालवा तोडणारा होता की जोडणारा? तो दोन्ही होता. १९५६ मध्ये त्याने तोडले, १९९७ मध्ये जोडले.

म्हणून अशांत प्रदेशात पहिली कुदळ मारण्यापूर्वी चार प्रश्न विचारले पाहिजेत. लाभ कोणाला मिळणार, आणि ज्याला मिळणार नाही त्याला त्याचे कारण पटेल का? लाभार्थी कोण निवडणार, आणि त्या निवडीत स्थानिकांचा शब्द किती? योजनेच्या रचनेत दोन समाजांना रोज एकत्र बसायला लावणारे काही आहे का, की ती त्यांना वेगवेगळ्या रांगांत उभे करते? आणि प्रकल्पाचा पैसा संपल्यावर मागे काय उरणार: फक्त इमारत, की ती सांभाळणारी माणसेही?

हे प्रश्न विचारल्याने काम लांबते, अशी तक्रार होते. ती खरी आहे. पण तीस वर्षांचे काम सहा वर्षांत उरकण्याची घाई केल्यानंतर श्रीलंकेने २६ वर्षांचे युद्ध भोगले. १९८७ च्या घटनादुरुस्तीने अपेक्षिलेला राष्ट्रीय भूमी आयोग पुढील तीन दशकांतही अस्तित्वात आला नाही. जमिनीचा मूळ प्रश्न तेवढा अनुत्तरित राहिला. बहुसंख्य समाजाने येथे विशेष लक्ष द्यावे. आपला हेतू शुद्ध असला की पुरे, असे बलवानाला वाटते. शेजाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो हेतू कृतीत दिसावा लागतो. विश्वास कमावण्याची पहिली जबाबदारी हेडवर बसलेल्याची असते, कारण दार त्याच्या हाताजवळ असते.

धरणाच्या उद्‌घाटनाच्या दिवशी पाणी हेडलाच पोहोचलेले असते. छायाचित्रेही तेथेच निघतात. योजना यशस्वी झाली की नाही हे पाहायचे असेल, तर कालव्याच्या कडेने शेवटपर्यंत चालत जावे आणि टेलवरच्या शेवटच्या शेतात ओल आहे का ते पाहावे.